ताडपत्रीखालचं भंगार

मिस्त्रीकाकांनी पाना सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवला आणि वाफेचा दाब दाखवणारं घड्याळ पुन्हा चोरीला गेल्याचं सांगितलं. ही तिसरी खेप होती.

सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले. बुधवारचे स्वयंसेवकही हेच रडगाणं गातात, ते म्हणाले. त्यांचंही सामान जागेवर राहत नाही.

"त्यांचं काय जाणार? डबे रंगवायचे ब्रश?" काका म्हणाले.

रेल्वे संग्रहालयात दुरुस्तीसाठी दोन वार वाटून दिले होते. रविवार काकांच्या टोळीचा. बुधवारची माणसं काकांनी कधी पाहिली नव्हती आणि पाहायची हौसही नव्हती. चार वर्षं खपून त्यांनी शेडमधलं वाफेचं इंजिन उभं केलं होतं. पंधरा दिवसांनी बॉयलरचा तपासनीस यायचा होता. तो पास म्हणाला तर इंजिन धावणार, नाहीतर फाटकाशी चौथऱ्यावर चढून कायमचं शोभेचं होणार. आणि घड्याळ नसेल तर तो बॉयलरला हातही लावणार नव्हता.

नशीब, शेडच्या मागे ताडपत्रीखाली तसलंच एक भंगार इंजिन पडलं होतं. काकांनी ताडपत्रीचं टोक उचलून आत हात घातला. घड्याळ जागच्या जागी, अगदी हवं तसंच. गेल्या वेळीही असंच मिळालं होतं, त्याच्या आधीही. भंगार कसलं, अक्षयपात्रच होतं ते. घड्याळावर खडूने कसलीशी खूण केलेली होती. भंगारवाल्यांच्या नावाने पुटपुटत काकांनी ती पुसून टाकली. मग त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या दंतवैद्याला घड्याळ बसवताना आटे कसे जपायचे ते पहिल्यापासून दाखवलं. कितीही वैतागलेले असले, तरी शिकवताना त्यांचा आवाज चढत नसे.

घरी जेवताना त्यांनी सगळं बायकोला ऐकवलं. एकदा तिने संग्रहालयात येऊ का म्हणून विचारलं होतं, तेव्हा तिथे तुझं काय काम, असं ते म्हणून गेले होते. पण ऐकून मात्र ती छान घ्यायची. आज तिने विचारलं, झडपेची चकती उलटी बसली तर वाफ गळते का? काका खुलले. वाटी उलटीसुलटी करून त्यांनी अर्धा तास समजावलं.

"तुझ्या शिवणाच्या वर्गात शिकवतं का कोणी असं?"

"छे. तिथे नुसता वैताग आहे," ती म्हणाली. "आम्ही करून ठेवलेलं कोणीतरी येऊन उसवून जातं."

बुधवारी ती वर्गाला गेली आणि काका चोर पकडायला निघाले. इंजिनाच्या मागे कोळसा ठेवतात तिथे गुडघे पोटाशी घेऊन बसले. तासाभराने पावलं वाजली. निळी डांगरी घातलेलं कोणीतरी सरळ घड्याळापाशी गेलं आणि पाना फिरवू लागलं. बेताबेताने, आटे जपत.

"सापडलास," काका उभे राहत म्हणाले.

डांगरीतली बायको वळली. ती मुळीच दचकली नाही. घड्याळ काखेत मारून तिने शेडमागे ताडपत्री सोडणाऱ्या सातजणींना हाक दिली, "अगं, आपल्या इंजिनाचं घड्याळ दर रविवारी कोण पळवतं ते सापडलं. आमचेच हे."