ही खोली सर्वांची आहे

"आमच्या परीनं सगळं चाललंय. पुढचं आमच्या हातात नाही," एवढं बोलून सर्जन पुन्हा ऑपरेशन थिएटरात गेला. आत टेबलावर इस्पितळाच्या सचिवसाहेबांचा एकुलता एक मुलगा होता.

साहेबांची बायको तडक उठली आणि जिन्याशेजारच्या खोलीकडे निघाली. साहेब मागोमाग गेले. गेल्या वर्षापर्यंत ती इस्पितळाची प्रार्थनेची खोली होती. सचिव झाल्या झाल्या साहेबांनी सगळ्या मंडळाशी हुज्जत घालून ती रिकामी करवली, भिंती पांढऱ्या केल्या आणि खुर्च्या गोल मांडल्या. संकटात माणसानं माणसाच्या तोंडाकडे बघावं, आभाळाकडे नाही, हे त्यांचं लाडकं वाक्य. उद्घाटनाला त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

बायकोनं त्यातली एक खुर्ची फरफटत ओढली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"तिथं काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. तुम्हीच काढलंत ना सगळं."

"अगं, वेड्यासारखं करू नकोस. आत एवढे डॉक्टर झटतायत. रक्त द्यायला त्याचे मित्र खाली रांगेत उभे आहेत. माणसंच करतायत ना हे सगळं? आणि मी आहे की इथं."

"तुम्ही?" ती खेकसली. "तुम्ही स्वतःच घाबरलायत. तो डॉक्टरही घाबरलाय, दिसलं मला. मला न घाबरलेलं कुणीतरी हवंय."

"तसं कुणी नसतं."

"मग बाहेर व्हा."

तिनं त्यांना अक्षरशः ढकललं आणि आतून कडी लावली. दारावर पितळी अक्षरं होती: 'ही खोली सर्वांची आहे.' वाक्य साहेबांचंच. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगा काय हिच्या एकटीचा होता? दार बडवायला त्यांनी मूठ उगारली.

आतून बोलणं ऐकू आलं. ती कुणाला तरी अरेतुरे करत होती. मुलाचं नाव, मजला, जिन्यावरून डावीकडचं थिएटर, सगळं नीट समजावून सांगत होती, नवख्या पाहुण्याला पत्ता सांगावा तसं. साहेबांची मूठ हवेतच राहिली. मग तिचा आवाज खाली आला.

"आणि हे बाहेर उभे आहेत. त्यांचं काही मनावर घेऊ नकोस."