शाळेतली पेटी

नागरिकशास्त्रासाठी अनुदान आलं आणि गुरुजींनी शाळेचा मुख्यमंत्री निवडायला खरीखुरी मतपेटी मांडली. बोटाला शाईसुद्धा.

सरपंच तात्या बघायला आले. “कशाला हे? ठरवून एकाला बसवा. आपल्या गावात सरपंचसुद्धा कायम बिनविरोधच. मतदान आलं की भांडणं आली.”

पोरं मात्र रांगेत उभी राहिली. सुमेध जिंकला, धनश्री हरली. आता काय होतंय म्हणून खिडकीशी जमलेल्या बाया तिच्याकडेच टक लावून बघत होत्या.

धनश्रीनं नाक पुसलं आणि सुमेधला म्हणाली, “आधी पाण्याच्या टाकीचं बघ. नाही जमलं, तर पुढच्या वर्षी मी आहेच.”

खिचडी शिजवणारी कौसाबाई खिडकीतूनच म्हणाली, “तात्या, भांडण तर झालंच नाही. मग गावची पेटी कधी मांडायची?”