बारा पॉइंट दहा

"काका, एक्स्पायर्ड लिहिलंय," मोनाली म्हणाली.

सर्जेरावांना इंग्रजी येत नव्हतं. हा शब्द मात्र कळला. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन दिवसांत तो त्यांनी तीनदा ऐकला होता.

त्यांची बायको जयवंता परवा पुण्याच्या एका हॉस्पिटलात दाखल झाली होती. ताप डोक्यात गेला होता, शुद्ध नव्हती. काल कोऱ्हाळ्याला ऊस तोडायला टोळी आली म्हणून सर्जेराव एका दिवसासाठी गावी परतले. त्यांचा शेजारी रामहरी याची बायको तानूबाईही त्याच वॉर्डात होती. पोटाचं ऑपरेशन होऊन ती हिंडूफिरू लागली होती. "जावा तुमी दोघं. मी हाय हिच्याजवळ," असं तीच म्हणाली होती.

म्हणून दोघं गावी आले होते. आज सकाळी हॉस्पिटलचा फोन लागेना, तेव्हा रामहरीनं सर्जेरावांना बारामतीला मोनालीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आणलं. त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, हॉस्पिटलनं इंटरनेटवर एक पान काढलं होतं. पेशंटचा नंबर टाकला की तब्येत कळायची. नाव दिसत नसे.

सर्जेरावांनी हातातलं हॉस्पिटलचं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं.

"मी एक दिवस आलो," शेवटी ते म्हणाले. "ऊस महत्त्वाचा वाटला मला."

"आबा, असं बोलू नगा," रामहरी म्हणाला. तो धावपळीचा माणूस. पाच मिनिटांत स्टँडवरून जीप ठरवून आला, बूथवरून इंदापूरला सर्जेरावांच्या मुलीला, सुप्रियाला, फोन करून आला. परत येऊन त्यानं सर्जेरावांचा खांदा धरला.

मोनाली अजून पडद्याकडंच बघत होती.

"रामहरीकाका, तुमचंही बघू का?"

"माझं काय बघायचं? सोमवारी सोडणार हायेत तिला. आन कार्ड तिनंच उशाखाली ठेवलंय, मी हरवीन म्हणून."

"सर्जेरावकाका, कार्ड द्या परत."

कार्डावर १२.१० होतं. वॉर्ड बारा, पेशंट दहावा.

"मी बारा पॉइंट दहा टाकला," मोनाली म्हणाली. "पानावर वर बघा. बारा पॉइंट एक आलंय."

"शेवटचं शून्य गेलं," रामहरी म्हणाला. "त्यानं काय व्हतंय?"

मोनालीनं १२.१०० टाकलं. असा पेशंट असणं शक्य नव्हतं, वॉर्डात शंभर खाटाच नव्हत्या. तरी तेच पान आलं. मग १२.१ टाकलं. तेच पान.

ती खुर्चीतून उठली.

"काका, गावात शेताचा गट नंबर बारा बटा दहा कुणाचा?"

"माझाच," रामहरी म्हणाला. "का?"

"आणि बारा बटा एक?"

"ते म्हस्कूचं रान. बांधावरनं तीन पिढ्या भांडण हाय."

"म्हणजे एकच रान न्हाय."

"त्याला म्हण बरं एकच! कुऱ्हाड घिऊन येईल."

"मशीन म्हणतंय," मोनाली म्हणाली. "कार्डावरचा नंबर ही संख्या न्हाय, काका, ते नाव हाय. अक्षराला अक्षर लावून बघायला पायजे. पान बनवणाऱ्यानं त्याची संख्या करून टाकली. संख्या म्हणून बघितलं तर बारा पॉइंट दहा आणि बारा पॉइंट एक सारखेच. यादीत पहिलं जे सापडलं ते दाखवलं. हे जयवंताकाकूंचं नसंल."

सर्जेरावांनी मान वर केली. "नसंल का न्हाय?"

"वॉर्डातली वही बघितल्याशिवाय मी सांगणार न्हाय."

बावीस वर्षांची मुलगी. समोर म्हातारा माणूस आशेनं बघतोय आणि ती एक शब्द जास्त बोलत नव्हती. रामहरीला तिचं फार कौतुक वाटलं.

फोनची लाईन एकच. तिनं नेट बंद केलं आणि पुण्याला फोन लावला. सातव्यांदा लागला. पलीकडच्या माणसानं नंबर विचारला आणि तोच शब्द सांगितला.

"तुम्ही स्क्रीनवर बघून सांगताय," मोनाली म्हणाली. "वॉर्डातली वही मागवा. नंबरावर जाऊ नका, नाव बघा. जयवंता. मी धरते फोन."

पलीकडचा चिडला. ती चिडली नाही. तेच वाक्य तिनं तीनदा, तितक्याच शांतपणे सांगितलं. शेवटी तो उठला.

बराच वेळ गेला. मग मोनालीनं रिसीव्हर सर्जेरावांच्या कानाला लावला.

"जयवंता. बारा पॉइंट दहा," पलीकडून आवाज आला. "शुद्धीवर आहेत. सकाळी पेज घेतली."

"काय म्हणतोय?" रामहरीनं विचारलं.

"पेज प्याली," एवढंच सर्जेरावांच्या तोंडून निघालं.

रामहरीनं आरोळी ठोकली. "म्याडम, तुमी आमच्या कारखान्याच्या चेअरमन व्हा! आबा, रडताय काय, हसा की येड्यासारखं!" स्वतःचे डोळे त्यानं बाहीनं पुसले. "ती जीप माघारी लावतो. सुप्रियाला फोन करतो, त्या पोरीनं घर डोक्यावर घेतलं असंल." आणि तो धावत बाहेर गेला.

"हॅलो, ठेवू नका," फोनवरचा माणूस म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "तुम्ही कोऱ्हाळ्याचे ना? बारा पॉइंट एकचा पत्ताही तिथलाच आहे. पहाटे गेल्या त्या. एकाएकी. सकाळपासून घरच्यांना शोधतोय. रामहरी नावाचे कुणी तुमच्या ओळखीचे आहेत का?"

दारात चपला वाजल्या.

"गेली जीप," रामहरी हसत म्हणाला. "चला, आता च्या माझ्याकडनं."

सर्जेरावांच्या कानाशी रिसीव्हर तसाच होता. रामहरीला सांगायचं अजून राहिलं होतं.