उशिरा आलेलं पुस्तक

न्यायाधीश एसाहेल पर्डी कोर्टाबाहेर आला तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. निम्मं गाव पायऱ्यांखाली उभं होतं. ईनॉस लोहाराला पळून आलेला गुलाम म्हणून पकडायला नदीपलीकडून, केंटकीहून आलेले दोघे जण रिकामी गाडी घेऊन परत निघाले होते. कागदांत ईनॉसची उंची चुकली होती. पर्डीने तेवढ्यावर बोट ठेवलं आणि सही करायचं नाकारलं.

लोक हात मिळवायला पुढे येत होते, बायका उघड रडत होत्या. या वसंतात गुलामांच्या हालांवरची ती कादंबरी गावात आली आणि घराघरांत जेवणानंतर मोठ्याने वाचली जाऊ लागली, तेव्हापासून गुलामाच्या नावाने गावाला पाझर फुटला होता. पर्डीच्या घरी ती त्याच्या मुलीने, लव्हिनाने वाचली. नवऱ्याला गाडीत घालून नेतात त्या प्रकरणापाशी तिचा आवाज कापरा झाला, आणि पर्डी चष्मा शोधायचं निमित्त करून उठून गेला.

तो आज कुणाजवळ थांबला नाही. टेकडी उतरून थेट ओढ्याकाठी कझायाच्या घरी गेला. कझाया गावाचे कपडे धुई, त्याच्या घरचेही. तिचा नवरा टायटस पिंपं बनवायचा. गेल्या वर्षी असेच दोघे जण येऊन त्याला घेऊन गेले होते, पर्डीच्याच सहीने. त्या दिवशी घंटा वाजली नव्हती.

ती अंगणात चादरी खळबळत होती. ईनॉस सुटला हे घंटेवरूनच कळलं, असं म्हणाली. पोरं लहान आहेत त्याची, बरं झालं, असंही म्हणाली.

पर्डीने टोपी काढली. "कझायाबाई, तुम्हाला एक सांगायला आलोय." आजवर तो तिला अगं-तुगं करत आला होता. "टायटसच्या कागदांतही चूक होती. वय चाळीस लिहिलं होतं. मी ते पाहिलं होतं."

"मीही सांगितलं होतं की. तिशीसुद्धा गाठली नाही त्याने म्हणून."

"सांगितलं होतं," पर्डी म्हणाला.

तिने चादर उपसून टबाच्या काठावर टाकली. मग त्या पुस्तकाचं विचारलं. कपडे पोचवायला जाईल तिथे बायका तिचा हात धरून त्याच्याबद्दलच बोलतात, आणि तिला तर वाचता येत नाही. काय आहे एवढं त्यात?

पर्डीने सांगितलं. दोरीने बांधलेला नवरा, गाडी, आणि नदीच्या घाटापर्यंत गाडीमागे धावणारी बायको. सांगता सांगता त्याचा आवाज खाली खाली गेला. कझायाही घाटापर्यंत धावली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हीच माणसं उभी होती, आणि तो कोर्टाच्या वरच्या खिडकीत.

"कधी आलं म्हणालात पुस्तक?"

"एप्रिलात."

"टायटसला नेलं नोव्हेंबरात." तिने काठावरची चादर पुन्हा उचलली. "त्या लिहिणाऱ्या बाईंनी जरा लवकर लिहायला हवं होतं, जजसाहेब."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते त्याला जास्त लागलं. केंटकीला तीन पत्रं धाडली, असं तो म्हणाला. टायटसला सोडवून आणायची त्याची तयारी होती, होईल तो खर्च करून. पण मालकाने टायटसला तेव्हाच खाली दक्षिणेत विकलं होतं. कुणाला विकला, ते लिहायला मालकाला सवड झाली नव्हती.

कझायाने हे सगळं ऐकून घेतलं. मग ओल्या चादरीचं एक टोक त्याच्यापुढे केलं.

"धरा. एकटीला पिळता येत नाही ही."

पर्डीने टोपी गवतात ठेवली आणि बाह्या न सारताच टोक धरून पीळ घालायला लागला. ती जिकडे वळवत होती, तिकडेच तोही वळवत राहिला. चादर दोघांमध्ये नुसतीच फिरत होती. पाण्याचा थेंब पडेना.