शाळेबद्दल चार वाईट शब्द

"शाळेचं विचारूच नका," फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलेली आजी म्हणाली. त्यानंतर त्याला फारसं काही विचारायची गरजच पडली नाही.

तो मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा त्याचा धंदा, आणि घरच्यांच्या मते छंदही. बायको नर्स. तिची बदली झाली होती आणि सोमवारी नव्या हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं. घरं दोन पाहून झाली होती. एक या सरकारी शाळेच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या, गॅलरी, हॉस्पिटल पायी जाण्याइतकं जवळ. दुसरं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. स्वयंपाकघरात कांदा चिरला तर पलंगावर झोपलेल्याच्या डोळ्यांत पाणी यावं, एवढंसं. शिवाय ड्यूटी संपल्यावर बायकोला दोन बस बदलाव्या लागणार. पण त्या घराशेजारची सरकारी शाळा नावाजलेली होती, म्हणून त्याचं मन तिकडेच ओढत होतं.

कारण लेक. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. जुन्या शाळेत मात्र ती वर्षभर बाकाला चिकटवल्यासारखी बसली. सकाळी दप्तर दिसलं की तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांना पोटात काहीच सापडलं नाही. सापडणार कसं, दुखणं शाळेत होतं. आणि ती शाळा त्यानेच निवडली होती, ढीगभर चौकशा करून. आता पुन्हा चुकायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं ठरवलं होतं.

या शाळेत पहिलीची एकच जागा उरली होती आणि यादीत पहिला नंबर भिंगरीचा होता. बायको ती बघायला आत ऑफिसात गेली होती. तो भिंगरीला घेऊन बाहेर थांबला होता, लोकांचं मत घ्यायला. शाळा सुटून गेलेली. बाहेर लोक म्हणजे ही एक आजीच.

"अभ्यास नावाला नाही हो," आजी सांगत होती. "परवा म्हणे गणित शिकवलं. कसं? तर उन्हात उभं राहून झाडाची सावली मोजत!"

"आणि निकाल?"

"लागतो कसाबसा," असं म्हणून आजीने चष्मा पुसायला घेतला.

"शिक्षक?"

"शिक्षक कसले, पोरांत पोर. मुख्याध्यापक तर पार कामातून गेलेला माणूस. मुलांच्या मॅचमध्ये गोलकीपर होतो. बरं, होतो तो होतो, वर हरतो!"

त्याने खेदाने मान हलवली.

"आणि प्रश्न विचारून विचारून मुलं घरच्यांचं डोकं पिकवतात. आमच्या शेजारच्याने मुलीला सांगितलं, फोनवर सांग बाबा घरी नाहीत. तर म्हणाली, 'मग हे सांगतंय कोण?' बिचारा अजून उत्तर शोधतोय."

त्याला त्या शेजाऱ्याची मनापासून दया आली.

"तुम्ही भले दिसता म्हणून सांगते," आजीने आवाज खाली आणला. "त्या टोकाच्या शाळेत घाला. शिस्त म्हणजे काय असते ते तिथे बघा. मधल्या सुट्टीतसुद्धा टाचणी पडली तर ऐकू येते."

हे त्याला फारच पटलं. त्याने लेकीकडे पाहिलं. ती फाटकाला लोंबकळून करकर झोके घेत होती, हात गंजाने तांबडे करून. ठरलं. तीच शाळा.

तेवढ्यात बायको बाहेर आली. चेहरा खुललेला.

"झालं काम. होकार देऊन आले."

"काय? मला न विचारता?"

"अरे, वर्गात डोकावले, तर बाई टेबलाखाली रांगत होत्या. एका मुलीचा दात पडला होता, तो सापडेना. ती रडत होती, आणि बाई टेबलाखालून तिला म्हणत होत्या, 'रडू नकोस गं, दात मिळाल्याशिवाय मी पण घरी जात नाही.' मी सरळ ऑफिसात गेले आणि हो म्हणून आले."

"शाळा निवडायची ही काय पद्धत झाली?"

"मागच्या वेळी तू पद्धतशीर निवडली होतीस ना?"

हे त्याला चांगलंच झोंबलं. तो चिडून म्हणाला, "आधी तो होकार मागे घे. या आजींना विचार. इथली सगळी अंडीपिल्ली त्यांना माहीत आहेत."

इतका वेळ गुडघे चोळत बसलेली आजी टुणकन उठली. "घ्या, घ्या मागे. ऑफिस अजून उघडं आहे. पळा लवकर! माझ्या धाकट्या नातीचा नंबर तुमच्या पाठोपाठच आहे."

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली.

फाटक तेवढं करकरत होतं. मग बायकोला हसू फुटलं, ते तिला आवरेना. त्याला आधी राग आला, मग लाज वाटली. आजीचं सगळं बोलणं त्याने मनात पहिल्यापासून पुन्हा वाचलं. सावली, गोलकीपर, फोनवरची मुलगी. तिच्या सांगण्यात त्याला शाळेची कुठेच चूक सापडेना.

"राहू दे होकार," तो बायकोला म्हणाला.

आजी हिरमुसून पुन्हा कट्ट्यावर टेकली. त्याला थोडं वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "पण आजी, शाळा तर केव्हाच सुटली. मग तुम्ही इथे कुणाची वाट बघत बसलाय?"

"थोरलीची," आजी वैतागून म्हणाली. "रोजचंच आहे हे. शाळा सुटली तरी बाहेर यायचं नाव घेत नाही मेली."