साखरपाणी

नवव्या खेपेलाही पांढरीनं दगा दिला, तसा धर्मराज मटकन स्टुलावर बसला. साल एकोणीसशे ब्याऐंशी. बेळगावातल्या एका कॉलेजची मागची प्रयोगशाळा, आणि पीएच.डी.चं तिसरं वर्ष संपत आलेलं.

दोन बुरश्या, एकाच कुळातल्या. एक काळी, एक पांढरी. प्रत्येकीचे दोन चंबू: एकात साखरपाणी, दुसऱ्यात तंबाखूची नुसती देठं. आयती साखर मिळाली की दोघी सुस्त. देठं पुढ्यात आली की मात्र ती पचवणारं जनुक जागं व्हायला हवं. काळीचं झटक्यात जागं होई. पांढरीचं काही केल्या होईना. तिच्यात ते नाहीच, असं धारवाडच्या गाईडना कळवून गाशा गुंडाळायचा, एवढंच आता उरलं होतं.

मन मोकळं करायला होतं तरी कोण? अनगोळातल्या भाड्याच्या खोलीत तो चहात पाव बुडवून खाई आणि झोपे. कॉलेजात नाव सांगे 'निपाणीकर', बस्स. घर कुठल्या गल्लीत, माणसं कुणाची, असं कुणी विचारायला लागलं की याला हटकून काम आठवे. कुणाच्या डब्याला हात लावला नाही, की कुणाला खोलीवर बोलावलं नाही. एकटेपणानं गडी पार सुकून गेला होता.

तो पत्र लिहायला बसला, तेव्हा चंबू धुणाऱ्या सोनुबाई फडकं पिळत जवळ आल्या. त्याच्या आईच्या वयाची बाई. काय लिवताय म्हणाल्या. त्यानं सांगून टाकलं, पांढरी नापास, तिच्याबरोबर मीपण.

सोनुबाईंचा चेहरा पडला.

"सर, पांढरीच्या देठाच्या चंबूत साखरपाणी मी घालत हुतो. तुमच्यासारखंच, बर्नरच्या जाळापाशी धरून, जंतू शिरू नयेत म्हणून. काळी बरी हुती. पांढरी लई मरगळलेली, उपाशी बघवंना."

धर्मराजचं डोकं भडकलं. आठ महिने मातीत! आणि तिथंच थंडही झालं. म्हणजे जनुक असणार. गोड मिळत होतं म्हणून गप्प होतं, इतकंच. पत्राचे त्यानं चार तुकडे केले आणि कितीतरी दिवसांनी हसला. बुरशीला जेवू घातलंत, मला कधी विचारलं नाही, असं गमतीनं म्हणाला.

सोनुबाई हसल्या नाहीत.

"रोज एक भाकरी जास्त आणतो, सर. पर आम्ही हिंडलग्याच्या बौद्धवाड्यातली. तुम्हाला चालंल का न्हाय, धाडस झालं न्हाय."

धर्मराजनं टेबलावरचे चंबू बाजूला सारले. तीन वर्षं दाताखाली दाबून धरलेलं अखेर बाहेर पडलं.

"वाढा, आक्का. मी बी निपाणीच्या बौद्धवाड्यातलाच."