सुगलाच्या बाजूची भिंत

"दहाच सेकंद हलेल, मावशी. भीती वाटली तर हाक मारा," असं सांगून मी नकली भिंतीच्या मागे गेले. यंत्राचं बटण तिथं होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या संग्रहालयातली ही खोली मी नोंदी तपासून बांधली होती. हादऱ्याचा वेग, दगडमातीच्या भिंतीची जाडी, काहीच अंदाजाने ठरवलं नव्हतं. पण ती खरी वाटते का, हे महानंदामावशीच सांगू शकत होत्या. त्यांच्या गल्लीतून त्या एकट्याच वाचल्या होत्या.

मी बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात पलीकडून मावशी बोलू लागल्या.

"आमची आन् शेजारच्या सुगलाची भिंत एकच हुती. जी आधी उठंल तिनं ठोकायचं, मग दोघींनी मिळून पाण्याला जायचं. त्या दिशी मी नाही ठोकलं. रातच्याला गणपती बुडवून दमली हुती, म्हनलं झोपू दे. मी एकटीच घागर घेऊन भाईर पडले."

प्रश्नावलीत मी फक्त हादऱ्याबद्दल विचारलं होतं.

मग भिंतीवर ठकठक झाली. थोडं थांबून पुन्हा झाली.

मी बोट बाजूला घेतलं आणि माझ्या बाजूने दोनदा ठोकलं.

पलीकडून पावलं भिंतीच्या आणखी जवळ आली.

"उठलीस का गं बया?" मावशींचा आवाज घाईचा झाला होता. "मग थांबू नगंस तिथं. हाय तशी भाईर ये."